पॉज करता येतो का? एकटीने खेळलेले पाच गेम

(एपिसोडचं लेखी रूप. बोलताना आलेले "अं" आणि "म्हणजे" थोडे कमी केलेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

मी नाशिकच्या इंदिरानगरमधून बोलतेय, आणि आजचा विषय बऱ्याच जणांनी मेसेजमध्ये मागितला होता. "ताई, सध्या काय खेळतेयस?" तर गेल्या काही महिन्यांत मी जे गेम खेळले, त्यातल्या पाच गेमबद्दल आज बोलणार आहे. पाचही एकट्याने खेळायचे. स्क्वॉड नाही, माईक नाही, रँक नाही.

आधी थोडं माझ्या सेटअपबद्दल, कारण त्याशिवाय माझी मतं कळणार नाहीत. लॅपटॉप सेकंडहँड आहे. रॅम ८ जीबी, ग्राफिक्स कार्ड जुनं जीटीएक्स १०५०. बॅटरी पूर्ण गेलेली, त्यामुळे वीज गेली की लॅपटॉप त्याच क्षणी बंद. खेळायची वेळ रात्री साडेनऊ ते साडेदहा. ऑफिस अंबडला, संध्याकाळी बोगद्याजवळच्या ट्रॅफिकमधून घरी येईपर्यंत सात वाजतात, मग स्वयंपाकात आईला मदत, जेवणं, आणि मग माझा तास.

आणि तिसरी गोष्ट. दीड वर्षापूर्वी पप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. आता बरेच सावरलेत, धरून चालतात, सावकाश बोलतात, पण उजव्या हातात ताकद कमी आहे. दिवसभर आई त्यांच्यापाशी असते, म्हणून जेवणानंतर आई झोपते आणि मध्यरात्रीपर्यंतची ड्युटी माझी. काही लागलं की ते पलंगाच्या दांड्यावर स्टीलचा पेला वाजवतात. मी एकाच कानात इअरफोन घालते, दुसरा कान त्या पेल्यासाठी मोकळा.

यामुळे गेम निवडायची माझी पद्धतच बदलली. पूर्वी मी ट्रेलर बघायचे, रेटिंग बघायचे. आता चार प्रश्न विचारते. एक, कुठल्याही क्षणी थांबवता येतो का? दोन, वीज गेली तर किती नुकसान? तीन, हा गेम कधीतरी संपतो का? आणि चार, संपल्यावर घरात कुणाला सांगण्यासारखं काही उरतं का?

पहिला प्रश्न साधा वाटतो, पण विचार करून बघा. तुमच्या फोनवरचे किती गेम खरोखर पॉज होतात? ऑनलाइन मॅच पॉज होऊ शकत नाही, त्याला कारणही आहे. खेळ सर्व्हरवर चाललेला असतो, त्यात बाकीचे शंभर जण असतात, तुमच्यासाठी सगळ्यांचं घड्याळ थांबवता येत नाही. तुम्ही फोन खाली ठेवलात तरी तुमचा माणूस मैदानात उभाच राहतो, कुणीतरी येऊन त्याला उडवतो, आणि टीममधले शिव्या घालतात. काही गेम तर एकट्याने खेळायचे असूनही पॉज देत नाहीत. एल्डन रिंग घ्या. तिथे मेनू उघडला तरी राक्षस चालत येतोच. तो त्या गेमचा स्वभाव आहे, कित्येकांना तोच आवडतो. पण शेजारच्या खोलीत पेला वाजू शकतो अशा घरात तो गेम चालत नाही. तसाही माझ्या लॅपटॉपवर तो चालणार नाही म्हणा!

मुलींसाठी आणखी एक मुद्दा. ऑनलाइन गेममध्ये माईक चालू केला की पहिलं वाक्य येतं, "अरे, मुलगी आहे!" पुढचं मी सांगायला नको, ज्यांनी ऐकलंय त्यांना माहितीये. त्यामुळे "एकटीच खेळतेस? मग मजा काय?" असं मला नातेवाईक विचारतात, तेव्हा मी म्हणते, मजा तीच आहे.

चला, पहिला गेम.

राजी : ॲन एन्शंट एपिक. हा आपल्या पुण्याचा. नॉडिंग हेड्स गेम्स नावाचा छोटा स्टुडिओ आहे, त्यांनी बनवलाय. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला होता, ते उद्दिष्ट पूर्ण झालं नाही. तरी त्यांनी काम सोडलं नाही, आणि २०२० मध्ये गेम आला, आधी निन्टेन्डो स्विचवर आणि मग पीसीवर. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्या गेमसाठीच्या विभागात त्याला नामांकन होतं. पुण्यातल्या लोकांचं नाव त्या यादीत बघणं, मला तरी भारी वाटलं होतं.

गोष्ट अशी. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. रक्षाबंधनाच्या दिवशी असुर हल्ला करतात, मुलं पळवून नेतात, त्यात तिचा धाकटा भाऊ गोलू असतो. त्याला शोधायला ती निघते. तिला दुर्गेकडून त्रिशूळ मिळतो, पुढे धनुष्य वगैरे. आणि गोष्ट सांगणारे आवाज कुणाचे, तर दुर्गा आणि विष्णू यांचे. दोघं वरून बघत आपसात बोलतायत, ही पोरगी कशी करेल, हिला मदत करावी का. मला ही कल्पना फार आवडली.

दिसायला गेम सुंदर आहे. राजस्थानी किल्ले, हवेल्या, पाण्याची कुंडं, भिंतींवर चित्रं. चित्रापाशी थांबलं की त्यातली पुराणकथा ऐकू येते. मधल्या गोष्टी छायाबाहुल्यांसारख्या दाखवल्यात. आणि मारामारी कसरतपटूसारखी. खांबाला धरून गरकन फिरायचं, भिंतीवर धावत जाऊन उलटी उडी मारायची. सर्कशीतली मुलगी आहे, हे त्या हालचालींत दिसतं.

काय खटकलं? कॅमेरा आपल्या हातात नाही, त्यामुळे काही उड्या अंदाजाने माराव्या लागतात. मारामारी अर्ध्यानंतर थोडी तीच ती होते. आणि शेवट! शेवट एकदम येतो. मी स्क्रीनकडे बघत बसले, म्हटलं, एवढंच? पाच-सहा तासांचा गेम आहे, आणखी एक तास हवा होता.

माझ्या चार प्रश्नांत? पॉज होतो. चेकपॉइंट जवळजवळ आहेत, एकदा वीज गेली तेव्हा काही मिनिटांचंच नुकसान झालं. संपतो, जरा लवकरच संपतो. आणि सांगण्यासारखं? पप्पांनी दारातून बघून विचारलं, "ही देवी मराठीत का बोलत नाही?" मूळ गेम इंग्रजीत आहे, पुढच्या एन्हान्स्ड एडिशनमध्ये हिंदी आवाज आले. मराठीत नाहीत. पुण्यात बनलेल्या गेममध्येही मराठी ऐकायला मिळत नाही, कारण जगभर विकला तरच खर्च निघतो, हे मला कळतं. पण प्रश्न पप्पांचा बरोबर होता.

दुसरा गेम, स्टारड्यू व्हॅली. तुमच्यातल्या अनेकांनी खेळला असेल, कारण तो मोबाइलवरही आहे. एरिक बॅरोन नावाच्या एका माणसाने चारेक वर्षं एकट्याने बसून केला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, कोड त्याचं. २०१६ मध्ये आला आणि अजून त्यात नव्या गोष्टी येत असतात.

आजोबांची पडीक शेती तुम्हाला मिळते. दगड काढा, नांगरा, पेरा, विका. गावातल्या लोकांशी ओळख करा, मासे पकडा, खाणीत उतरा. गेममधला एक दिवस खऱ्या घड्याळात साधारण चौदा मिनिटांचा. मेनू उघडला की वेळ थांबते. पीसीवर सेव्ह मात्र रात्री झोपल्यावरच होतो. म्हणजे वीज गेली तर जास्तीत जास्त एक दिवस गेला, चौदा मिनिटं. मला परवडतं.

आता गंमत सांगते. निफाड तालुक्यात आमच्या काकांची द्राक्षबाग आहे. पप्पांना भेटायला आले होते, रात्री मुक्काम केला. मी खेळत होते, ते शेजारी येऊन बसले. गेममध्ये द्राक्षं लावता येतात, शरद ऋतूत. दहा दिवसांत वेल तयार, मग दर तीन दिवसांनी तोडणी. काका बघतच राहिले. "दहा दिवसांत? आमच्याकडं बाग लावल्यावर पहिलं पीक हाती यायला दीड-दोन वर्षं जातात गं. अन् ऑक्टोबर छाटणी केल्यावर चार महिने डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. याला फवारणी नाही का काही?"

म्हटलं, नाही काका. कावळे येतात फक्त, त्यांच्यासाठी बुजगावणं लावायचं.

तेवढ्यात गेममध्ये पाऊस सुरू झाला. पावसाच्या दिवशी पाणी द्यावं लागत नाही, म्हणून मी म्हटलं, "बरं झालं, आज सुट्टी." काका हसले आणि म्हणाले, "पाऊस आला तर खूश होतोय हा गडी!"

ते हसून म्हणाले, पण मला लागलं ते. कारण नाशिकच्या द्राक्षवाल्याला विचारा, फुलोऱ्यात पाऊस आला तर कूज आणि गळ, मणी भरल्यावर आला तर मणी तडकतात, आणि दमट हवेत डाऊनी येतोच. गेममध्ये पाऊस नेहमी फायद्याचाच असतो. मालाचा भावही ठरलेला. द्राक्ष कितीही विका, पियरच्या दुकानात भाव पडत नाही. व्यापारी पैसे बुडवून पळून जात नाही. काका म्हणाले, "असा एक तरी गाववाला आम्हाला द्या."

मी गेमला नावं ठेवत नाहीये. एका अमेरिकन माणसाने मनातल्या शेतीचं चित्र काढलंय, ते गोड आहे, आणि दिवसभर इन्व्हॉइस बघून आल्यावर मला तो गोडवा हवा असतो. पण त्या रात्री काका तासभर शेतीबद्दल बोलले. कर्ज किती, औषधांचा खर्च किती, प्लास्टिकचं आच्छादन परवडतं का, मुलगा शेती करेल का. एरवी आमचं बोलणं "बरंय ना?" "हो, बरंय" इथे संपतं. चौथ्या प्रश्नात हा गेम पहिल्या नंबरने पास.

तिसऱ्या प्रश्नात मात्र अर्धा पास. स्टारड्यू तसा संपत नाही. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आजोबा येऊन तुमच्या कामाचा हिशेब करतात, मी तिथे थांबले. तुम्हीही अशी एक रेघ आखून घ्या, नाहीतर वर्षानुवर्षं भोपळे लावत बसाल.

तिसरा गेम पत्त्यांचा आहे. बालाट्रो. २०२४ मध्ये आला, मोबाइलवरही आहे. बनवणारा कॅनडाचा एकटा माणूस, लोकलथंक या नावाने काम करतो, खरं नाव सांगत नाही. पत्त्यांचे पोकरसारखे हात जुळवायचे, जोडी, तिर्री, फ्लश वगैरे, आणि त्यावर गुण मिळवायचे. पण खरी मजा जोकरमध्ये. दीडशे जोकर आहेत, प्रत्येक जोकर नियम थोडा वाकवतो. एखादा म्हणतो, बदामाच्या पत्त्याला जास्त गुण. दुसरा म्हणतो, हात लहान ठेवलास तर आणखी गुण. असे पाच जोकर जुळवून आठ टप्पे पार करायचे.

"पत्ते आहेत, मग जुगार ना?" हा प्रश्न मला घरीही आला. युरोपात पेगी नावाची संस्था गेमला वयाचे शिक्के देते, तिने आधी बालाट्रोला १८ वर्षांवरचा शिक्का दिला, पोकर दिसतं म्हणून. पुढे २०२५ मध्ये तो १२ वर आणला. यात खरे पैसे लागतच नाहीत. गेममधले डॉलर विकत घेता येत नाहीत आणि जिंकलेले बाहेर काढता येत नाहीत. एकदा गेम घेतला, विषय संपला. त्या बनवणाऱ्याने तर जाहीर सांगितलंय की आपल्यामागेही हा गेम जुगारवाल्यांना विकला जाऊ नये, अशी तरतूद मृत्युपत्रात केलीय.

हे मी एवढं सविस्तर का सांगतेय, तर आपल्याकडे दोन्ही गोष्टी एकाच शब्दात मोडतात. "गेम." ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आणली. तेव्हा आमच्या ओळखीतल्या एका काकू आईला म्हणाल्या, "बरं झालं, तुमच्या मुलीचं पण आता बंद होईल." आईने त्यांना समजावलं की हिचं वेगळं आहे. पण बघा, रमीच्या जाहिराती इतकी वर्षं इतक्या जोरात चालल्या की लोकांच्या डोक्यात गेम म्हणजे पैसे जाणं, असंच बसलंय. ज्या घरात खरोखर पैसे गेलेत, त्या घरातल्या माणसाला तुम्ही "अहो, माझा गेम गोष्टीचा आहे" म्हणून लगेच पटणार नाही. त्याला वेळ द्या. दाखवा. शेजारी बसवा.

बालाट्रो माझ्या प्रश्नांत? पॉज होतो, मध्येच बंद केला तरी तिथूनच सुरू होतो, वीज गेली तरी फार काही बिघडत नाही. पण तिसऱ्या प्रश्नात सरळ नापास. एक डाव हरलात की "अजून एकच" असं वाटतं, आणि ते वाटणं संपत नाही. पैशांचा जुगार नाही, पण वेळेवर लक्ष ठेवा. मी तो फक्त रविवारी दुपारी खेळते, एकच डाव.

चौथा, ए शॉर्ट हाइक. ॲडम रॉबिन्सन-यू या माणसाने बनवलाय, २०१९ चा. छोटा गेम, दीड-दोन तासांचा. क्लेअर नावाची एक पक्षीण, सुट्टीत डोंगराळ बेटावरच्या पार्कमध्ये आलीय. तिला एका महत्त्वाच्या फोनची वाट आहे, पण खाली रेंज नाही. रेंज मिळते फक्त डोंगराच्या शिखरावर. बस, एवढीच गोष्ट. चढायचं.

चढायला सोनेरी पिसं लागतात. जेवढी पिसं जास्त, तेवढ्या उड्या जास्त, तेवढं उंच जाता येतं. वाटेत लोक भेटतात. कुणी धावायची शर्यत लावतं, कुणी मासे पकडायला शिकवतं. शत्रू नाही, मरण नाही, घड्याळ नाही. घाई असलेल्या मुलीची गोष्ट आहे, पण गेम तुम्हाला घाई करत नाही. सरळ वर जा, नाहीतर समुद्रकिनारी चेंडू खेळत बसा.

मला पांडवलेणीची आठवण आली. पाथर्डी फाट्यापासून जवळच, आम्ही लहानपणी रविवारी पप्पांबरोबर पायऱ्या चढायचो. पप्पा मध्ये थांबून कंपन्यांच्या शेडकडे बोट दाखवायचे, "ती माझी कंपनी." वर पोचायची घाई आम्हाला असायची, त्यांना नाही.

शिखरावर तो फोन येतो. कुणाचा आणि कशाबद्दल, ते मी सांगणार नाही. एवढंच सांगते, घरातलं कुणी हॉस्पिटलमध्ये जाऊन आलं असेल तर शेवटची पंधरा मिनिटं शांतपणे, एका बैठकीत खेळा. मी खेळून झाल्यावर लॅपटॉप बंद केला आणि पप्पांच्या खोलीत जाऊन उगीचच पाणी भरून ठेवलं. चारही प्रश्नांत पास. पहिल्यांदा कुणाच्या हातात पीसी गेम द्यायचा असेल, तर मी हाच देईन.

आणि पाचवा, ज्याच्यासाठी मी हा एपिसोड करतेय. रिटर्न ऑफ द ओब्रा डिन. लुकास पोप नावाच्या माणसाचा, २०१८ चा. याचा आधीचा पेपर्स, प्लीज काही जणांना आठवत असेल.

ओब्रा डिन हे ईस्ट इंडिया कंपनीचं व्यापारी जहाज. १८०२ मध्ये लंडनहून निघालं आणि गायब झालं. १८०७ मध्ये किनाऱ्याला लागलं, पण त्यावर जिवंत माणूस एकही नाही. तुम्ही कंपनीचे विम्याचे निरीक्षक. साठ लोकांची यादी तुमच्या हातात आहे. प्रत्येकाचं काय झालं ते शोधायचं. हा कोण, कसा मेला, कुणी मारला.

तुमच्याकडे एक जादूचं घड्याळ असतं. मृतदेहापाशी ते उघडलं की आधी त्या माणसाचे शेवटचे काही सेकंद ऐकू येतात, आणि मग तो क्षण गोठलेला दिसतो. तुम्ही त्यात हिंडायचं. कुणाच्या हातात काय आहे, कोण कुणाकडे बघतोय, मागे कोण उभाय. सगळं काळं-पांढरं, जुन्या संगणकाच्या पडद्यासारखं. बंदुकीतून निघालेली गोळी हवेत थांबलेली. इथे पॉज वेगळा दाबायची गरजच नाही, जग आधीच थांबलेलं असतं. लॅपटॉप तसाच ठेवून मी उठू शकते, औषध देऊन परत येऊ शकते. गोळी तिथेच असते.

पप्पा या गेमकडे कसे वळले? एकदा त्यांना झोप येत नव्हती, म्हणून मी लॅपटॉप त्यांच्या खोलीत नेला. मी एका ठिकाणी अडकले होते. खलाशी झोळ्यांमध्ये झोपलेत, चेहरे नीट दिसत नाहीत, कोण कोण ते कळायला मार्ग नाही. पप्पा बराच वेळ बघत होते. मग सावकाश म्हणाले, "नंबर... बघ."

"कसला नंबर?"

"झोळीवर."

खरंच, प्रत्येक झोळीवर नंबराची पट्टी. आणि हातातल्या यादीत प्रत्येक नावापुढे नंबर. पप्पा पंचवीस वर्षं टर्नर होते. कंपनीत माणूस टोकन नंबरने ओळखला जायचा. पगाराच्या पाकिटावर नंबर, कपाटावर नंबर. "आम्ही पण... यादीतच," ते म्हणाले, आणि हसले.

त्यानंतर रोज रात्री साडेनऊला पेला वाजायला लागला. पाणी नको, औषध नको, लॅपटॉप आण. मी इंग्रजी संवाद मराठीत सांगायचे, ते बघायचे. कुणाचे बूट कसे आहेत, कुणाच्या अंगावर गोंदण आहे, कुठला माणूस नेहमी कुणाच्या शेजारी उभा असतो. लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाची नजर आहे ती, सुताएवढा फरक सुटत नाही. यादीत हिंदुस्थानी खलाशीही आहेत. ते दिसल्यावर पप्पा म्हणाले, "हे कुठून कुठं गेले असतील." मग आम्ही तेवढ्या नावांवर आणखी वेळ थांबलो.

गेमचा एक नियम मला फार शहाणा वाटतो. तुमचं उत्तर बरोबर आहे का, हे तो एकेका नावाला सांगत नाही. तीन माणसांची उत्तरं पूर्ण बरोबर झाली की मगच ती तीन पक्की होतात. त्यामुळे नुसते अंदाज मारून चालत नाही, विचार करावा लागतो. आणि तीन नावं पक्की झाल्यावर जे संगीत वाजतं ना, त्यावर पप्पा डाव्या हाताने पलंगावर थाप मारायचे. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करताना त्यांचं तोंड कसं असतं ते मी रोज बघते. हे तोंड वेगळं होतं. याने ते बरे होतायत असं मी म्हणत नाहीये, तसा काही संबंध मी जोडत नाही. पण झटका आल्यापासून घरात सगळे त्यांच्यासाठी काहीतरी करत होते, आणि ही एक गोष्ट होती जी ते माझ्यासाठी करत होते. मला खरोखर येत नव्हतं, त्यांना येत होतं.

आम्हाला साठ नावं पूर्ण करायला सात आठवडे लागले. रोज अर्धा-पाऊण तास. एवढ्या हळू हा गेम क्वचितच कुणी खेळला असेल.

खटकलं काय? मारामारीचे काही प्रसंग भयानक आहेत, लहान मुलांसमोर नको. एकाच प्रसंगात परत जायला चालत जावं लागतं, तो वेळ जातो. आणि हा गेम आयुष्यात एकदाच खेळता येतो. उत्तरं कळली की कळली. पण मला ते चालतं. आमच्या यादीत साठावं नाव पक्कं झालं, गोष्ट पूर्ण झाली, नावं वर सरकत गेली, आणि पप्पा म्हणाले, "झालं?" म्हटलं, झालं. "बरं झालं. आता दुसरं काढ."

हे मला मोबाइलवरच्या फुकट गेमबद्दल कधी म्हणता आलं नसतं. तिथे "झालं" नावाची जागाच नसते. रोज लॉगिन केलं तर बक्षीस, नाही केलं तर साखळी तुटली. एनर्जी संपली की चार तासांनी परत या. सीझन संपायच्या आत पास पूर्ण करा. त्यांचं उत्पन्न तुमच्या परत येण्यावर आहे, त्यामुळे ते तुम्हाला सोडणार कसे? विकत घेतलेल्या, संपणाऱ्या गेमचे पैसे आधीच मिळालेले असतात. त्याला तुम्हाला अडकवून ठेवायची गरज नसते. म्हणून "फुकट आहे ना" एवढ्यावर गेम निवडू नका. सेलची वाट बघा, वर्षात दोन-तीन चांगले गेम घ्या. माझं तेवढ्यात भागतं.

आता तुमच्यातल्या ज्यांच्याकडे फक्त फोन आहे त्यांच्यासाठी. स्टारड्यू आणि बालाट्रो फोनवर मिळतात, पैसे एकदाच द्यायचे, मध्ये जाहिराती नाहीत. जुना लॅपटॉप असेल तर शॉर्ट हाइकपासून सुरू करा. लॅपटॉप थोडा बरा असेल तर राजी. आणि घरात असं कुणी असेल ज्याला बारीक बघायची सवय आहे, शिलाई करणारी मावशी, गॅरेजवाला मामा, रिटायर झालेले बाबा, तर त्यांना शेजारी बसवून ओब्रा डिन. इंग्रजीची अडचण येईल, ती तुम्ही सोडवा. चार वाक्यं मराठीत सांगायची, बाकी ते बघतील.

सध्या आमच्याकडे नव्या गेमचा शोध चालू आहे. अटी तुम्हाला माहितीयेत. कधीही थांबला पाहिजे, वीज गेली तर रडवू नये, कधीतरी संपला पाहिजे. आणि पप्पांची एक अट वाढलीये, "धावपळ नको, बघायला मिळालं पाहिजे." असा कुठला गेम तुम्ही खेळला असेल तर खाली कमेंटमध्ये नाव टाका, आणि तो कुणाबरोबर खेळलात तेही लिहा. पुढच्या एपिसोडमध्ये तुमची नावं वाचेन.

चला मंडळी, साडेनऊ होत आलेत. भेटू पुढच्या वेळी. काळजी घ्या!